हेडलाइट कमी पडतो तेव्हा: आधी झोत, मग बल्ब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एच४ हॅलोजन बल्बची, सात-आठ वर्षं वापरलेली हॅचबॅक. सांगली-कोल्हापूरकडच्या दुपदरी रस्त्यांवर रात्री उजेड पुरत नाही. समोरून गाडी आली की डाव्या कडेचं काहीच दिसत नाही. दुकानात तीन पर्याय सांगितले गेलेत: ‘वीस हजार लुमेन’चा एलईडी (लुमेन म्हणजे बल्बमधून निघणारा एकूण उजेड), १००/९० वॅटचा हॅलोजन, किंवा एचआयडी किट (तारेऐवजी ठिणगीवर पेटणारा झेनॉन दिवा). यातलं काय घ्यावं?

माझं स्पष्ट मत: तिन्ही नकोत. बल्ब बदलण्याआधी करायची चार कामं आहेत. ती नीट झाली तर बहुतेक गाड्यांना साध्या ६०/५५ वॅटच्या चांगल्या बल्बवर काम भागतं. ते का, हे कळायला आधी डिपरचा झोत पाहावा लागेल (डिपर म्हणजे समोरून गाडी आली की लावायचा खालचा झोत, अपर म्हणजे लांबवर जाणारा).

आपण डावीकडून गाडी चालवतो. त्यामुळे डिपरच्या झोताला वरून एक कड असते, तिला कटऑफ म्हणतात. उजव्या बाजूला, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, ही कड आडवी आणि खाली असते. मध्यापासून डावीकडे ती साधारण १५ अंशांनी वर चढते. या चढत्या भागामुळे साइडपट्टी, पायी चालणारी माणसं आणि रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली लांबून दिसते. गाळप हंगामात या रस्त्यांवर रात्री सगळ्यात जास्त धोका त्या ट्रॉलीचाच असतो, आणि तो असतो नेमका डाव्या कडेला.

हा झोत किती नेमका असावा लागतो ते आकड्यांत पाहा. युरोपीय पद्धतीच्या हॅलोजन दिव्यांसाठी जुना मूळ नियम असा: २५ मीटरवर पडदा धरला तर आपल्या कडेच्या ७५ मीटरवरच्या जागेशी जुळणाऱ्या बिंदूवर किमान १२ लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड हवा, आणि समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्याशी जुळणाऱ्या बिंदूवर ०.४ लक्सपेक्षा जास्त नको. म्हणजे तीस पटींचा फरक. आणि पडद्यावर हे दोन बिंदू उभ्यात फक्त अर्धा मीटर आणि आडव्यात दोन मीटर लांब असतात. हा फरक रिफ्लेक्टरचा आकार आणि त्याच्यासमोर मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमकी बसवलेली तार, या दोघांमुळे साधतो. बल्बमधून एकूण किती लुमेन निघतात यावर तो ठरत नाही.

आता एच४ची रचना. एका काचेत दोन तारा असतात. अपरची तार मागे, डिपरची पुढे, आणि डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो. वाटीची एक कडा तिरकी कापलेली असते, आणि डावीकडचा तो १५ अंशांचा चढ मुळात तिच्यातून येतो. १३.२ व्होल्टला या बल्बमधून डिपरवर सुमारे १००० लुमेन आणि अपरवर १६५० लुमेन निघतात. इतर प्रकारच्या बल्बमध्ये एच७ एकाच तारेचा, ५५ वॅटला १५०० लुमेन. एच११ १३५०. वाटीत जाणारा उजेड फुकट जातो, म्हणून डिपरच्या बाबतीत एच४ या सगळ्यांत मागे पडतो. तरीही रिफ्लेक्टर चकचकीत असेल आणि व्होल्टेज पूर्ण मिळत असेल, तर एच४चा डिपर ताशी ६० किलोमीटरला पुरेसा असतो.

‘ताशी ६०’ हा आकडा भूमितीतून येतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आणि झोत १ टक्का (दर १० मीटरला १० सेंटिमीटर) खाली झुकलेला असेल, तर आडवी कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. त्यापलीकडे उजव्या अर्ध्या रस्त्यावर उजेड जवळजवळ नसतोच, बल्ब कुठलाही लावा. ताशी ६० ला दीड सेकंदाची प्रतिक्रिया धरली तर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. ताशी ८० ला ७० मीटर. ओल्या रस्त्यावर ताशी ८० ला ९५ मीटरच्या आसपास. म्हणजे डिपरवर ८० ने जाताना जेवढं दिसतं त्याच्या आत गाडी थांबत नाही. जास्त लुमेनचा बल्ब हे अंतर वाढवत नाही. ते अपरने वाढतं, किंवा वेग कमी केल्याने.

एलईडीचं नेमकं काय बिघडतं, हे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त विक्री त्याचीच आहे. हॅलोजनची तार म्हणजे बारीक गोल स्प्रिंग. ती सभोवार सारखा उजेड टाकते आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर त्याच गृहीतकावर घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये एका पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांना चपट्या चिप असतात. त्या दोन बाजूंना भरपूर उजेड टाकतात, पण पट्टीच्या कडांकडे फार कमी. रिफ्लेक्टरच्या काही भागांना ही कडाच समोर दिसते. त्या भागांनी झोतात जे काम करायचं ते होत नाही, बाजूच्या भागांना मात्र गरजेपेक्षा जास्त मिळतं. शिवाय पट्टीला जाडी असल्यामुळे दोन्ही चिप मूळ तारेच्या अक्षापासून थोड्या बाहेर सरकतात. एच४च्या एलईडीत डिपरच्या चिपखाली धातूची छोटी पट्टी लावतात, पण ती मूळ वाटीच्या जागी आणि मापाची क्वचितच असते.

परिणाम बहुतेक वेळा सारखाच होतो. गाडीपुढचे १५-२० मीटर पांढरेशुभ्र दिसतात, कटऑफच्या वर धुरकट उजेड पसरतो आणि ५०-६० मीटरवरचा तेजस्वी पट्टा फिका पडतो. चालवणाऱ्याला मात्र ‘उजेड वाढला’ असंच वाटतं. जवळचा रस्ता जितका जास्त उजळेल तितकी डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. ट्रॉली असते तिथेच, दिसते मात्र उशिरा. समोरच्याला त्या धुरकट उजेडाचा त्रास होतो, तो चिडून अपर मारतो, आणि मग तुमचंही दिसणं बंद होतं.

खोक्यावरच्या लुमेनवर जाऊ नका. पडताळणी सोपी आहे: डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरवर धरा. १३ व्होल्टला सव्वादोन अँपिअर आला तर बल्ब साधारण ३० वॅटचा आहे. ३० वॅटमधून प्रत्यक्षात ३००० लुमेन निघाले तरी ते चांगलंच म्हणायचं. वीस हजार निघायला दीड-दोनशे वॅट लागतील आणि तेवढी उष्णता बल्बमागच्या छोट्या पंख्याने जाणार नाही. तापल्यावर उजेड उतरतो, म्हणून दुकानात दोन मिनिटं पेटवून दाखवलेल्या उजेडाला अर्थ नाही. वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. मागचं रबरी झाकण पंख्यामुळे बसत नाही म्हणून ते कापून टाकतात, त्यातून धूळ आणि पावसाचं पाणी आत जातं आणि वर्षभरात रिफ्लेक्टर निकामी होतो. हे नुकसान भरून येत नाही.

चांगले एलईडी बल्ब नाहीतच असं नाही. जर्मनीत २०२० पासून ओसराम आणि फिलिप्सच्या काही एलईडी बल्बना मान्यता मिळाली, पण ती ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटसाठी, जोडी तपासून. एका दिव्यात झोत बरोबर आला म्हणून दुसऱ्यात येईलच असं नाही. आपल्याकडे सुटा बल्ब विकताना अशी जोडी कोणी तपासत नाही. तुमच्या गाडीत एलईडी आधीच लावलेला असेल, तर निदान एवढं करा: बल्ब फिरवून चिप डाव्या-उजव्या बाजूंना, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या दिशेने येतील असा बसवा, भिंतीवर कड तपासा आणि झाकण पूर्ण बसवा. कड दिसतच नसेल तर तो बल्ब काढा.

एचआयडी किटबद्दल थोडक्यात. कारखान्यातून झेनॉन घेऊन आलेल्या गाडीत ३५ वॅटचा दिवा सुमारे ३२०० लुमेन देतो आणि उत्तम दिसतं. पण युरोपीय नियमांत २००० लुमेनच्या वरच्या डिपरला आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा लागतो, तो एवढा उजेड चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून. ठिणगीची कमान तारेपेक्षा जाड आणि वेगळ्या आकाराची असते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये ती टाकली की तिप्पट उजेड तीनपट चुकीच्या जागी पडतो. शिवाय पूर्ण तेज यायला काही सेकंद जातात, तेव्हा अपर-डिपरच्या झटपट कामाला ती बरी नाही.

१००/९० वॅटच्या बल्बची अडचण वेगळी आहे. तार जागेवर असल्याने झोत बऱ्यापैकी शाबूत राहतो, पण रस्त्यासाठी त्याला मान्यता नाही, आणि समोरच्या डोळ्यात जाणारा उजेडही त्याच प्रमाणात वाढतो. दोन्ही बल्ब मिळून अपरवर १६-१७ अँपिअर ओढतात. मूळ वायर आणि स्विच याच्या निम्म्या-पाऊण प्रवाहासाठी असतात. आधी प्लास्टिकचा कपलर (बल्बला वायर जोडणारा सॉकेट) पिवळा पडतो, मग वितळतो. आत रिफ्लेक्टरचा चकचकीत थर काळवंडतो आणि सहा महिन्यांत मूळ बल्बपेक्षाही कमी उजेड मिळू लागतो.

आता ती चार कामं.

पहिलं, काच आणि रिफ्लेक्टर. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडते, कारण वरचा अतिनील किरण रोखणारा थर निघून जातो. ८०० नंबरच्या पॉलिशपेपरने ओलं घासायला सुरुवात करा, मग १५००, २०००, ३०००, आणि शेवटी पॉलिश. पण त्यावर अतिनील-रोधक क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टचा उपाय याच कारणाने टिकत नाही. मग टॉर्च मारून आत पाहा. बल्बच्या वरच्या भागातला रिफ्लेक्टर राखाडी, धुरकट किंवा सोललेला दिसला तर पुढचं काही करू नका, दिवाच बदला. वर सांगितल्याप्रमाणे एच४चा डिपर फक्त वरच्या भागावर चालतो, आणि उष्णताही तिथेच जाते. बाजारातला स्वस्त नकली दिवा घेतला तर रिफ्लेक्टरचा आकारच बरोबर नसतो, म्हणून मूळ कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्याचाच घ्या.

दुसरं, व्होल्टेज. इथे सगळ्यात जास्त उजेड हरवतो आणि हे सगळ्यात कमी लोक तपासतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. बल्बपाशी १३.२ ऐवजी १२ व्होल्ट आले तर उजेड सुमारे २८ टक्के कमी होतो, आणि १२ वरून १३.३ पर्यंत आणले तर ४० टक्क्यांच्या वर वाढतो. एवढी वाढ कुठल्याही महागड्या हॅलोजनने मिळत नाही.

मोजायचं असं: इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास, डिपर आणि ब्लोअर चालू. आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहा, १३.८ ते १४.४ यायला हवं. मग बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना कपलरच्या मागून पिन घालून बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंतची घट मोजा, आणि तशीच बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंतची (अर्थ म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेलं मायनस टोक). बल्ब काढून मोजलं तर प्रवाहच वाहत नाही, घट शून्य दिसते आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्थची घट जास्त असेल तर अर्थचा बोल्ट काढून घासून घट्ट करा. अनेकदा तेवढ्यानेच भागतं. एकूण घट एक व्होल्टच्या वर गेली तर रिले बसवा, म्हणजे स्विचच्या छोट्या प्रवाहावर चालणारा आणि बल्बला बॅटरीतून थेट वीज देणारा खटका.

रिलेसाठी डिपरला एक, अपरला एक. बॅटरीच्या प्लसपासून ३० सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, प्रत्येक रिलेला वेगळा. तिथून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ नंबरवरून बल्बला, जुन्या कपलरचा सिग्नल ८५-८६ ला. अर्थही तितक्याच जाडीच्या वायरने. होल्डर सिरॅमिकचा घ्या. एक काळजी: काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या, बल्बला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थकडून होतो; तिथे साधा तयार हार्नेस (रिले-वायरचा संच) चालत नाही. आणि दिव्याचं नियंत्रण बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातून), तुकड्यातुकड्याने वीज सोडून होत असेल, तर रिले कडकड वाजतो किंवा बल्ब खराब असल्याची सूचना येते. अशा गाडीत हात घालू नका. वॉरंटी चालू असतानाही नको.

तिसरं, बल्ब बसवणं. एच४च्या चकतीला तीन कान असतात, रुंद कान वर येतो. स्प्रिंग-क्लिप दोन्ही बाजूंनी बसली पाहिजे. चकती जराशी तिरकी राहिली तरी कड वर उचलली जाते. काचेला बोट लावू नका, लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बल्ब फिलिप्स किंवा ओसरामचा ६०/५५ वॅट घ्या, खात्रीच्या दुकानातून, कारण नकली माल भरपूर आहे. ‘१३० टक्के जास्त’ लिहिलेले बल्ब खरोखर थोडे बरे असतात, पण ती टक्केवारी नियमातल्या किमान मर्यादेशी आणि झोतातल्या ठरावीक भागाशी तुलना करून दिलेली असते. तार जास्त तापवल्यामुळे त्यांचं आयुष्य निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. रिले लावून व्होल्टेज पूर्ण मिळत असेल तर साधा बल्बच घ्या: व्होल्टेज ५ टक्के वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. निळ्या काचेचे बल्ब मुळीच नको. निळा थर पिवळा उजेड गाळून टाकतो, म्हणजे विकत घेतलेला उजेड काचेतच राहतो.

चौथं, फोकस सेट करणं. सपाट जागा, समोर १० मीटरवर भिंत. टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचं उंचीचं चक्र ० वर. बोनेट दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे स्प्रिंग जागेवर येतील. प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. दिव्यावर किंवा बोनेटखालच्या पाटीवर १.० किंवा १.२ असा टक्का लिहिलेला असतो. १.० असेल तर कड त्या रेघेखाली बरोबर १० सेंटिमीटर हवी, १.२ असेल तर १२. कड जिथून वर चढू लागते तो कोपरा दिव्याच्या समोर यायला हवा. दुसऱ्या दिव्यापुढे पुठ्ठा धरा. कापड टाकून ठेवलं तर काच तापते. मागच्या दोन स्क्रूंपैकी एक उंचीचा आणि एक डावी-उजवीचा असतो. डिपर लावला की अपर आपोआप जुळतो, एच४मध्ये वेगळी सोय नसते.

मागे तीन माणसं आणि डिकी भरलेली असेल तर गाडीचं नाक एक अंशसुद्धा सहज वर जातं. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के. १ टक्का खाली लावलेला झोत त्यामुळे पाऊण टक्का वर जातो आणि प्रत्येक समोरच्याच्या डोळ्यात शिरतो. त्यासाठीच ते चक्र आहे. भरलेल्या गाडीत ते २ किंवा ३ वर न्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियमही हेच मागतो: दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये.

हे सगळं करूनही कमी वाटलं तर खर्चाचे दोन रास्त मार्ग आहेत. पहिला, अपरसोबतच पेटणारे दोन स्पॉट दिवे, रिलेवर, बंपरच्या उंचीला. मोकळ्या रस्त्यावर सगळ्यात जास्त फायदा यांचाच. दुसरा, प्रोजेक्टर. त्यात लंबगोल रिफ्लेक्टर उजेड एका बिंदूत आणतो, तिथे धातूचा पडदा असतो आणि पुढचं भिंग त्या पडद्याच्या कडेची प्रतिमा रस्त्यावर टाकतं. म्हणून कड सुरीसारखी येते. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा कारखान्याचा प्रोजेक्टर दिवा बसत असेल तर तो घ्या. दिवा उघडून त्यात बाय-एलईडी (डिपर-अपर दोन्ही एकातच असलेला) प्रोजेक्टर घालायचा असेल तर तीन गोष्टी पाहा: कड आडवी आहे का, पुन्हा सील नीट झालंय का, आणि झोत डावीकडच्या वाहतुकीचा आहे का. शेवटची गोष्ट अनेकदा चुकते. चढ उजवीकडे असेल तर तो प्रोजेक्टर परदेशातल्या उजव्या वाहतुकीसाठी आहे आणि इथे समोरच्याला आंधळं करेल. युरोपीय खुणेच्या दिव्यावर हे काचेवरच कळतं: आपण दिव्यासमोर उभं राहिलं की फक्त डाव्या वाहतुकीच्या दिव्यावर आपल्या उजवीकडे वळलेला बाण दिसतो, फक्त उजव्या वाहतुकीच्या दिव्यावर बाण नसतो, दोन्हींसाठी असेल तर दुतोंडी बाण. एचसी म्हणजे हॅलोजन डिपर, एचआर अपर, डीसी आणि डीआर झेनॉनचे.

पावसाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. ओला डांबरी रस्ता उजेड पुढे परावर्तित करतो, तुमच्याकडे परत येतच नाही. तिथे कुठल्याही बल्बचा फार उपयोग नसतो. पिवळा उजेड धुकं भेदतो हा समज चुकीचा आहे, कारण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की निळा भाग कमी असल्याने डोळ्याला चकाकी कमी जाणवते. आंबोलीच्या किंवा लोणावळ्याच्या धुक्यात अपर बंद, डिपर आणि खाली लावलेले रुंद झोताचे फॉग लॅम्प चालू, वेग ३०-४०. धुकं नसताना मात्र फॉग लॅम्प बंद ठेवा. गाडीपुढचा जवळचा रस्ता उजळून ते लांबचं दिसणं कमी करतात, तेही वर सांगितलेल्या बाहुलीच्याच कारणाने.

आणि समोरची काच आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारा तेलकट थर दिवसा दिसत नाही, पण समोरच्या झोताने तो दुधाळ होतो. घासून रेघा पडलेले वायपरही बदला. दोन्हींचा खर्च बल्बच्या जोडीपेक्षा कमी आहे.